काचेच्या मशीनवाल्या मॅडम

सोनकांबळे मॅडमनी मला पहिल्या दिवशी गेटवरूनच परत पाठवलं होतं.

नोकरी लागली म्हणून मी देगलूरच्या बाजारातून नवा शर्ट घेतला होता. आकाशी, चकचकीत. लातूरच्या एमआयडीसीतला तो काचेचा कारखाना सापडेपर्यंत घामाघूम झालो होतो. गेटाशी खाकी कोट घातलेली एक ठेंगणी, सावळी बाई उभी. मला वाटलं, वॉचमनच्या जागी बाई ठेवली असेल. तिनं माझ्या शर्टाचं टोक दोन बोटांत धरलं आणि बाजारात बाया लुगड्याचं सूत चोळून बघतात तसं चोळून बघितलं.

"टेरिकॉट आहे."

"हो, नवा आहे," मी जरा ऐटीत म्हणालो.

"नवा असू द्या नाहीतर नवरदेवाचा असू द्या. ठिणगी पडली की हे कापड वितळतं अन् कातडीला चिकटतं. सुती घालून या."

"मॅडम, आज पहिला दिवस आहे."

"म्हणून तर सांगते. शेवटचा नको व्हायला."

खोलीतल्या जोडीदाराचा विटका सुती सदरा घालून मी दुपारी पुन्हा गेलो, तेव्हा त्यांनी माझ्याकडं नीट बघितलंही नाही. नुसतं म्हणाल्या, "आता बूट दाखवा. तळवा."

तर अशा मॅडम. संघमित्रा सोनकांबळे. आता त्या नाहीत. नांदेडला आजारी पडल्या आणि थोड्या दिवसांत गेल्या, एवढंच कळलं. तेव्हापासून मनात येतं की त्यांच्याबद्दल कुणीतरी चार शब्द लिहायला पाहिजेत. जवळचं असं कुणी लिहिणारं नाही. मी त्यांच्या हाताखालचा इलेक्ट्रिशियन. मशीनची सगळी वायरिंग मी केलेली, म्हणून बरंच काही जवळून बघायला मिळालं, एवढाच माझा अधिकार.

त्या उदगीरच्या. वडील रेल्वेत पॉइंट्समन होते. रात्री हातात कंदील घेऊन रुळांवर जायचे, त्या कंदिलाला एका बाजूला लाल आणि एका बाजूला हिरवी काच. लहानपणी त्या कंदिलाची काच पुसायचं काम मॅडमकडं. "काचेवर बोट उमटलं की बाबा ओरडायचे," त्या सांगायच्या. "म्हणायचे, डायवरला तुझं बोट नको दिसायला, सिग्नल दिसू दे." नांदेडला इंजिनियरिंग केलं, मग गुजरातेत एका मोठ्या काच कारखान्यात बरीच वर्षं काढली. लातूरला डाळमिलवाल्या एका शेठच्या पोराला डाळीपेक्षा वेगळं काहीतरी करायची हौस आली, त्यानं यांना बोलावून घेतलं. घराजवळ येता येईल म्हणून आल्या. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "केलंय की. हा काय उभा आहे भिंतीला टेकून," आणि मशीनकडं बोट दाखवायच्या. ओढणी तोंडावर धरून हसायची त्यांना सवय होती. आवाज मात्र ओढणीतूनही साऱ्या शेडभर जायचा.

ते मशीन त्यांचं. म्हणजे पैसा शेठचा, पण डोकं यांचं. एरवी जाड काचेचा माल करताना वितळलेल्या काचेचा गोळा कात्रीनं कापून उघड्या साच्यात टाकतात आणि वरून दट्ट्या दाबतात. त्यात कात्रीचा डाग राहतो, कडा एकसारख्या येत नाहीत. मॅडमच्या डोक्यात उलटं होतं. साचा आधीच बंद करायचा आणि काच खालून, दाबानं आत भरायची. प्लास्टिकच्या बादल्या करतात तसं, फक्त प्लास्टिकच्या जागी लालबुंद काच. मला पहिल्यांदा समजेना, तेव्हा म्हणाल्या, "चकलीचा सोऱ्या बघितलाय ना, व्यंकटराव? तो उलटा धरा. चकली खाली पडायच्या जागी वर चढते. अन् वर झाकण लावलेली डबी. डबीच्या कोपऱ्याकोपऱ्यात पीठ गेलं पाहिजे, पण डबी फुटली नाही पाहिजे."

"आणि पीठ विस्तवाचं," मी म्हणालो.

"हां. आता आलं ध्यानात."

विमानतळाच्या धावपट्टीत, जमिनीच्या सपाटीला बसवतात ते दिवे असतात ना, त्यांच्यावरची जाड काच त्यांना करायची होती. तिथं प्लास्टिक टिकत नाही. वरून विमानाचं चाक गेलं तरी फुटायला नको आणि उजेड मात्र नेमका एका बाजूला पडायला पाहिजे.

पहिलं वर्ष नुसतं बिघडण्यात गेलं. कधी काच अर्ध्या साच्यातच थिजायची. कधी साच्याला अशी चिकटायची की छिन्नी घेऊन बसावं लागायचं. कधी दुधावर साय धरते तशा सुरकुत्या पडून यायच्या. मॅडम प्रत्येक बिघडलेला तुकडा उन्हात धरून बघायच्या आणि भंगाराच्या डब्यात टाकताना त्याला काहीतरी बोलायच्या. "जा बाई, पुन्हा वितळून ये." बाहेर कुठं हॉटेलात गेल्या तरी चहा यायच्या आत पाण्याचा ग्लास उचलून खिडकीकडं धरायच्या. वेटरला वाटायचं, ग्लास घाण आहे म्हणून बघतात. तो बिचारा दुसरा आणून द्यायचा. मग त्या तोही बघायच्या.

एकदा सायंकाळी पहिल्यांदा पूर्ण भरलेला, कुठं सुरकुती नसलेला तुकडा निघाला. शेडमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेठचा पोरगा पेढे आणायला निघाला. मॅडम म्हणाल्या, "थांबा. आज नको." तुकडा टेबलावर ठेवून त्यावर लोखंडी घमेलं पालथं घातलं आणि घरी गेल्या. सकाळी आम्ही घमेलं उचललं तर खाली खडीसाखरेसारखा चुरा. आम्हा सगळ्यांची तोंडं उतरली. मॅडम खाली वाकून बघत बसल्या आणि मग ओढणी तोंडावर धरून हसल्या. "हिला रात्रभर झोप लागली नाही. आपण हिला फार लवकर थंडीत आणलं." त्याच्यानंतर माल हळूहळू थंड करायची भट्टी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून आखली. पेढे आले पावसाळ्यानंतर.

आमच्यात खाजाभाई म्हणून भट्टीवाला होता. अंगानं काटक, तोंडानं फटकळ. मशीनच्या तोंडाशी त्याची जागा. साचा उघडला की लांब चिमट्यानं माल काढून पुढं द्यायचा. त्याचं आणि मॅडमचं रोज वाजायचं आणि दोघांना एकमेकांवाचून करमायचंही नाही. रमजान भर उन्हाळ्यात आला त्या वर्षी मॅडमनी त्याला भट्टीवरून काढून साचे पॉलिश करायला सावलीत बसवलं. खाजाभाई तणतणत ऑफिसात आला.

"रोजा माझा हाय मॅडम, तुमचा न्हाई."

"भट्टी माझी आहे. चक्कर येऊन तोल गेला तर?"

"मुकद्दर समजा."

"खाजा, मुकद्दराचा काटा माझ्या पॅनलवर दिसत नाही. दिसत असता तर तुला उभं केलं असतं."

तो महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. मुकाट्यानं साचे घासत राहिला. ईदच्या दिवशी सगळ्यांना शीरखुर्मा घेऊन आला, मॅडमच्या टेबलावर डबा आदळल्यासारखा ठेवला आणि निघून गेला. मॅडमनी डबा बोटानं चाटूनपुसून खाल्ला. दुसऱ्या दिवशी तोच डबा त्याच्या सायकलला लटकवलेला, आत त्यांच्या आईनं केलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या. दुपारी पुन्हा भांडण सुरू.

मॅडमना गुजरातच्या जुन्या कारखान्यातून परत बोलावणं आलं होतं. मोठी जागा, मोठा पगार. आम्हाला ते नंतर कळलं. त्यांनी कळवून टाकलं की मशीन पायावर उभं राहू दे, मग बघू. आणि ते उभं राहायलाही लागलं होतं. रोज निघणारे बहुतेक तुकडे चांगले असायचे. हिरवे, निळे, पांढरे. भट्टीतून थंड होऊन आले की मॅडम एकेक हातात घेऊन त्याच्या कडेवरून अंगठा फिरवायच्या. मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

मग हैदराबादचे लोक यायचे ठरले. दिवे बनवणारी मोठी कंपनी, तिचे दोन अधिकारी. त्यांना आमच्या मशीनवर माल निघताना डोळ्यानं बघायचा होता. पसंत पडला की वर्षानुवर्षांचं काम. शेठच्या पोरानं शेडला रंग दिला, दारात रांगोळी काढून घेतली. मॅडमनी रांगोळी बघून फक्त एवढंच म्हटलं, "तिच्यावरून ट्रॉली जायची आहे."

त्या सकाळी मी पॅनलपाशी होतो. खाजाभाई त्याच्या जागेवर, चिमटा घेऊन. हैदराबादचे दोघं शेठच्या पोरासोबत पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर उभे. मॅडम बटनांच्या खांबापाशी. साचा बंद झाला. दट्ट्या खालून वर सरकायला लागला. काटा चढत होता, सगळं रोजच्यासारखं. आणि मॅडमचा हात एकदम लाल बटनावर पडला.

सगळं थांबलं. पंख्याचा घरघराट सोडला तर शेडमध्ये आवाज नाही.

"खाजा, मागं हो. लांब हो. आणखी लांब."

तो मागं सरला. शेठचा पोरगा पुढं आला. "काय झालं मॅडम?"

"कॉलरमध्ये टक् झालं. तडा गेलाय."

दट्ट्याच्या नळ्याला वर एक पोलादी कॉलर होती. तिथनं काच साच्यात शिरायची. दाबाखाली ती फुटली असती तर वितळलेली काच आडवी उडाली असती, आणि त्या वाटेत कोण उभा होता तर खाजाभाई. हे मॅडमनी आम्हाला पहिल्या दिवसापासून सांगितलेलं होतं.

मधेच थांबवलं की काच नळ्यात गोठते. मग सगळं खोलून, साफ करून पुन्हा सुरू करायला बरेच दिवस लागतात. म्हणजे त्या दिवसापुरतं संपलं. हैदराबादच्या लोकांनी चहा घेतला, "सेफ्टी फर्स्ट मॅडम, व्हेरी गुड" म्हणाले, आणि गेले. शेठच्या पोरानं सगळ्यांच्या समोर विचारलं, "आणखी कुणी ऐकला का आवाज?" मी ऐकला नव्हता, माझ्या कानाशी पंखा होता, तसं मी सांगितलं. खाजाभाई म्हणाला, "हाव शेठ. मी ऐकला. टक् झालंच."

कॉलर खोलली. लाल रंग लावून तडा शोधतात ती तपासणी मॅडमनी स्वतः केली. रंग कुठंच मुरला नाही. पुन्हा केली. मग ती कॉलर पुण्याला पाठवून तपासून घेतली. तिकडूनही तेच आलं. कॉलर शाबूत होती.

शेठचा पोरगा वाईट नव्हता. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही बरोबरच केलं." मला वाटतं, तो ओरडला असता तर मॅडमना बरं वाटलं असतं. हैदराबादवाल्यांना पुन्हा बोलावणं केलं, त्यांनी बघू म्हटलं. बघता बघता त्यांनी दुसरीकडं काम दिल्याचं कळलं. थोरल्या शेठचा तसाही या धंद्यावर विश्वास नव्हता. काही महिने रेटलं आणि मग भट्टी विझवायची ठरली.

भट्टी विझवली त्या दिवशी मॅडम आल्या नाहीत. पण मशीन विकलं तेव्हा आल्या. घेणारा जुन्या यंत्रांचा व्यापारी होता. त्याला त्यातले हायड्रॉलिकचे भाग हवे होते, काचेशी त्याला देणंघेणं नव्हतं. हे माहीत असूनही मॅडमनी आम्हाला घेऊन ते मशीन स्वतः खोललं. प्रत्येक भाग पुसला, ग्रीस लावलं, सुती कापडात गुंडाळला आणि त्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलं, हा कुठं बसतो, याच्या आधी कोणता, नंतर कोणता.

मी म्हणालो, "मॅडम, त्याला हे जोडायचं नाहीच आहे."

"त्याला नसेल. त्याच्यानंतरच्याला असेल."

ट्रक आला. त्या माणसांनी ते गुंडाळलेले भाग उचलून हौद्यात फेकले. लोखंडावर लोखंड आदळायचा आवाज होत होता. मॅडम शेवटचा भाग चढेपर्यंत उभ्या राहिल्या. ट्रक गेल्यावर माझ्याकडं वळून म्हणाल्या, "व्यंकटराव, मी ऐकलं होतं हो. स्वप्नात ऐकल्यासारखं नाही. नीट ऐकलं होतं."

"खाजाभाईनं पण ऐकलं होतं ना मॅडम," मी म्हणालो.

"हां," त्या म्हणाल्या. "तो होता म्हणून बरं."

त्यानंतर आम्ही सगळे पांगलो. मी देगलूरला परत येऊन मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. खाजाभाई लातुरात गंजगोलाईकडं ऑटो चालवायला लागला. मॅडम नांदेडला बहिणीकडं गेल्या आणि तिथं एका प्लास्टिकच्या कारखान्यात लागल्या. बाटल्यांची झाकणं. गुजरातेतली जागा केव्हाच भरली होती. फोनवर म्हणायच्या, "लई सोपं काम आहे व्यंकटराव. काही फुटत नाही, काही भाजत नाही. माणूस झोपेत करून टाकील." हसायच्या, पण ते ओढणीतलं हसू नव्हतं. लातूरला त्यांनी पुन्हा पाय ठेवला नाही. खाजाभाई मला दर वेळी विचारायचा, "मॅडम काय म्हणून राहिल्या?" आणि मॅडम विचारायच्या, "खाजाचं बरं चाललंय ना?" पण एकमेकांना फोन दोघंही करायचे नाहीत.

माझ्या मुलीच्या लग्नाला मी दोघांनाही बोलावलं. दोघंही आले. मॅडमचे केस पांढरे झाले होते, अंगानं वाळल्या होत्या. मांडवाच्या कडेला खुर्ची घेऊन बसल्या होत्या, तिथं खाजाभाई गेला. मी पाण्याचे ग्लास घेऊन मागोमाग गेलो, दोघांना सांभाळून घ्यावं म्हणून. सांभाळायची गरज पडली नाही. जरा वेळ पोराबाळांचं झालं. मग मॅडम म्हणाल्या,

"खाजा, एक विचारते. खरं सांग."

"पुसा ना."

"त्या दिवशी तू आवाज ऐकला होतास?"

खाजाभाईनं माझ्याकडं बघितलं. मांडवात बँड वाजत होता. तो जरा खाली वाकला, त्यांना नीट ऐकू यावं म्हणून.

"न्हाई मॅडम. काई ऐकलं न्हाई."

"मग शेठसमोर का बोललास?"

"तुमी बटन दाबलं. माझ्यासाठी दाबलं. शेठ पुसायला लागला की आवाज आला का. आता आला का न्हाई आला, मी काय करू? मी म्हनलं, हाव, आला."

मॅडमचा चेहरा मी त्या चुरा झालेल्या तुकड्याच्या सकाळीही बघितला होता, ट्रकच्या दिवशीही. असा कधी बघितला नव्हता. जे एवढी वर्षं धरून बसल्या होत्या, तेच कुणीतरी हातातून काढून घ्यावं तसा.

"म्हणजे मी एकटीनंच ऐकलं," त्या म्हणाल्या.

"ऐकलं तर ऐकलं. न्हाई तर न्हाई. बिघडलं काय?" खाजाभाईनं दोन्ही हात पुढं केले, पालथे, मग उताणे. "हे बघा. हायत ना?"

"ते हात आता रिक्षा चालवून राहिले, खाजा."

"चालवून राहिले ना!" तो म्हणाला. "मग अजून काय पायजे?"

मॅडमना त्यावर काही बोलायचं होतं. पण तेवढ्यात वाढप्यानं पंगत बसल्याचं ओरडून सांगितलं आणि खाजाभाईनं त्यांच्या खुर्चीच्या पाठीला हात घातला. "चला. जेवा आधी." त्या उठल्या. दोघं शेजारी बसून जेवले. मॅडमनी वरण-भात कालवून ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. खाजाभाई सारखा त्यांच्या पानाकडं बघत होता.

ऊन उतरायच्या आत त्या जायला निघाल्या. थांबा म्हटलं तर म्हणाल्या, उद्या फर्स्ट शिफ्ट आहे. मांडवातून मला हलता येत नव्हतं, तरी बसस्टँडपर्यंत गेलोच. खाजाभाईही आला. नांदेडची बस भरलेली होती. मॅडमना खिडकीजवळ जागा मिळाली, शेजारी एक बाई दोन लेकरं घेऊन बसली होती. त्यातलं एक लेकरू रडत होतं. मॅडमनी त्याला उचलून मांडीवर घेतलं.

कंडक्टरनं घंटी मारली. आम्ही दोघांनी हात वर केले. मॅडम त्या लेकराला दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून, रस्त्यापलीकडं काहीतरी दाखवत होत्या, त्याच्या कानाशी वाकून बोलत होत्या. त्यांनी आमच्याकडं बघितलं नाही. बस स्टँडच्या फाटकातून वळली, धूळ उठली.

"मॅडमनी बघितलं न्हाई," खाजाभाई म्हणाला.

त्याचा हात अजून वरच होता.